नावाआधीची तीन अक्षरं

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून बाहेर पडायचं म्हणून वर्षभर घर शोधत होतो. शेवटी नागाळा पार्कात एक जुना बंगला पसंत पडला. अडीच गुंठ्यांचा प्लॉट, पुढं चाफा, मागं जांभूळ, आणि दुपारी कोकिळा सोडली तर आवाज नाही. १ कोटी ८० लाखांवर सौदा ठरला. बंगला विकणाऱ्या घरातल्या थोरल्या भावाला ५ लाख इसार दिला आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली. ६० दिवसांत खरेदी झाली नाही तर इसार बुडाला, असं त्यात लिहिलंय. त्यातले ३७ दिवस गेले. परवा त्यांच्या पुण्याच्या बहिणीच्या वकिलाची नोटीस आली, की बंगल्यात तिचा हिस्सा आहे, खरेदी करू नये. थोरले म्हणतात, "तिनं २००० सालीच लिहून दिलंय. शिवाय मी घरचा कर्ता. मी आहे की, कशाला काळजी करताय?" त्यांच्या वडिलांनी १९७४ ला प्लॉट घेऊन बंगला बांधला. ते १९९८ ला वारले, आई २०११ ला. धाकटा भाऊ कोरोनात गेला, त्याची पत्नी आणि १५ वर्षांचा मुलगा आहे. प्रॉपर्टी कार्डावर नाव एकट्या थोरल्यांचं आहे, नावाआधी 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं आहेत. आम्ही ती आद्याक्षरं समजलो. बँकेचं कर्ज तत्त्वतः मंजूर आहे. दलाल आत्ताच निम्मी दलाली मागतोय. कागदांचे आणि नोटिशीचे फोटो पाठवतेय. काय करावं, आणि त्या बहिणीशी बोलावं का?

उत्तर : ताई, ती आद्याक्षरं नव्हेत. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, वारस चौघं, सरकारी दप्तरात चौघांची नावं चढवायचा खटाटोप नको, म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि त्याआधी ही तीन अक्षरं टाकायची, ही आपल्या भागातली जुनी रीत. सातबाऱ्यावर तर ती पावलोपावली दिसते. त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाच्या मागे आणखी माणसं आहेत. कार्डानं तुम्हाला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दलालानं, नोटरीनं आणि थोरल्यांनी मिळून ते तुम्हाला ऐकू येऊ दिलं नाही. आणि समजा ती अक्षरं नसती, तरी कार्डावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद साऱ्यापुरती आणि दप्तरापुरती असते, हे सुप्रीम कोर्टानं अनेकदा सांगून झालं आहे.

आता 'मी कर्ता' हा मुद्दा. कर्त्याला कुटुंबाच्या गरजेसाठी मिळकत विकता येते हे खरं, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत. इथं वडिलांनी स्वतः प्लॉट घेतला, स्वतः बांधला. अशी स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बायको आणि मुलामुलींना सारखी जाते, आणि ज्याचा त्याचा हिस्सा त्याचा स्वतंत्र असतो. तिथं कर्ता कुणीच नाही. १९७४ चं खरेदीखत मागून घ्या, वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं ना हेही लेखी घ्या. उद्या ती मिळकत आजोबांच्या पैशातली निघाली तरी बहीण सुटत नाही. वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि सुप्रीम कोर्टाचा २०२० चा विनीता शर्मा निकाल यांनी मुलीला मुलाच्या बरोबरीनं बसवलं आहे.

हिशेब तोंडीच करता येतो. १९९८ ला आई आणि तीन मुलं, प्रत्येकी पाव. २०११ ला आईचा पाव तिघांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. धाकट्याचा तृतीयांश त्याच्या पत्नीला आणि मुलाला निम्मा निम्मा, म्हणजे एक षष्ठांश प्रत्येकी. १ कोटी ८० लाखांत थोरल्यांचे ६० लाख, बहिणीचे ६०, वहिनींचे ३० आणि त्या मुलाचे ३०. थोरल्यांना सही करायचा अधिकार आहे तो त्यांच्या ६० लाखांपुरता.

"तिनं लिहून दिलंय" हा कागद तुम्ही फोटो काढून पाठवलात ते बरं केलंत. २० रुपयांचा स्टॅम्प, खाली बहिणीची सही, दोन साक्षीदार, आणि मजकूर असा की 'माझ्या लग्नात मला सोनं मिळालं, आता माझा काही संबंध नाही'. दुय्यम निबंधकाचा शिक्का कुठं आहे? नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, नोंदणी कायदा १९०८ चं कलम १७ सरळ तसं सांगतं. लग्नातलं सोनं हा हिस्सा नव्हे. माझ्या टेबलावर असा कागद वर्षातून चारपाच वेळा येतो, आणि दर वेळी भाऊ तो फ्रेम केल्यासारखा प्लास्टिकच्या पिशवीतून काढतो.

मग "खरेदीपत्र करून घ्या, बहिणीचं मी बघतो, हवं तर हमीपत्र लिहून देतो" असं थोरले म्हणतील. आजवर म्हटलं नसेल तर या आठवड्यात म्हणतील. मान्य करू नका. त्यांच्या एकट्याच्या सहीनं तुमच्या हाती येईल तो एक तृतीयांश, तोही कुठला ते न ठरलेला. चाफा तुमचा की जांभूळ, हे वाटणीचा दावा लागल्यावर कळणार. शिवाय कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मागता येत नाही. तुम्ही वाटणी मागायला कोर्टात गेलात, की १८९३ च्या वाटणी कायद्यातलं कलम ४ वापरून घरचेच तुमचा हिस्सा कोर्ट ठरवेल त्या किमतीला विकत मागू शकतात. तुम्ही कर्जाचे हप्ते भरत असाल, आणि घरात राहत मात्र नसाल. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईच्या गाडीभाड्याचा खर्च वाचला एवढंच. पण अपिलाची सोय जवळ झाली म्हणून कुणी घर घेत नाही.

सगळ्यात नाजूक जागा बहिणीची नाही, त्या पंधरा वर्षांच्या मुलाची आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत आलाय. आई आहे, ती त्याच्या वतीनं सही करेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. आई त्याची नैसर्गिक पालक आहे, पण १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत विकायला तिला कोर्टाची आधी परवानगी लागते. 'एकत्र कुटुंब आहे, परवानगी नको' असं कुणी सांगेल, पण त्याचा हिस्सा वारसानं आलेला स्वतंत्र आहे, तेव्हा तो सल्ला मानू नका. परवानगीशिवाय केलेली विक्री मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत रद्द करून मागू शकतो. म्हणजे आज घर घ्याल, रंग द्याल, आणि तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत डोक्यावर टांगती तलवार.

अर्ज कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा न्यायालयात करायचा, आणि तो वहिनींनी करायचा, तुम्ही नव्हे. कोर्ट एकच विचारतं : यात मुलाची गरज किंवा उघड फायदा काय? जुना बंगला, डागडुजी होत नाही, शिक्षणाचा खर्च, मिळणारी किंमत सरकारी रेडीरेकनर दरापेक्षा कमी नाही, हे कागदानं दाखवावं लागतं. मान्यता मिळाली की त्याचे ३० लाख बहुतेक वेळा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत घालायला सांगतात. याला काही महिने लागतात. तुमच्याजवळ आहेत २३ दिवस.

म्हणून ही तारीख आधी हाताळा. याच आठवड्यात वकिलामार्फत थोरल्यांना नोटीस द्या, स्पीड पोस्टानं, पोच ठेवून. त्यात तीन गोष्टी हव्यात. तुम्ही ठरल्या किमतीला खरेदीस तयार आहात. पण करारात त्यांनी मिळकत 'निर्वेध, निजोखमी' असल्याची हमी दिली होती ती खोटी ठरली आहे. आणि सर्व वारसांच्या सह्या व कोर्टाची परवानगी येईपर्यंत ६० दिवसांची मुदत तुमच्यावर बंधनकारक नाही. ही नोटीस मुदतीच्या आत गेली पाहिजे, एकसष्टाव्या दिवशी नव्हे. विकणाऱ्याच्या हक्कात दोष असताना खरेदी लांबली, तर इसार जप्त करायचा त्याला अधिकार नाही. उलट, सौदा फिसकटला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तुमचे ५ लाख आणि व्याज यांचा बोजा त्यांच्या हिश्शावर बसतो. पोलिसांत जायची घाई करू नका. तुमचा हेतू घर मिळवण्याचा असेल, तर घर देणाऱ्यावर गुन्हा नोंदवून ते मिळत नाही.

बहिणीशी बोलावं का, असं तुम्ही चाचरत विचारलंय. जरूर बोला, वकिलाला सोबत घेऊन, पुण्याला जाऊन. मी तिची नोटीस दोनदा वाचली. विक्रीला तिचा विरोध आहे असं त्यात कुठंही नाही. 'मला न विचारता' हे शब्द तीन ठिकाणी आहेत. तुमच्या नजरेत ती आडवी आलेली बाई असेल. पण तिनं हे खरेदीनंतर न कळवता आधी कळवलं, आणि तुमचे १ कोटी ७५ लाख अजून तुमच्याकडेच आहेत. ती आणि वहिनी खरेदीपत्रावर सही करायला तयार असतील, तर नवं साठेखत सगळ्यांशी करा, ते नोंदवा, आणि प्रत्येकाचे पैसे त्याच्या त्याच्या खात्यात धनादेशानं जाऊ देत. थोरल्यांच्या हाती सगळी रक्कम देऊन 'वाटून घ्या' म्हणायचं नाही. त्याआधी नगर भूमापन कार्यालयात ए.कु.मॅ. काढून सर्व वारसांची नावं लावायचा अर्ज त्यांच्याकडून करून घ्या.

बहीण तयार नसेल तर इसार परत घ्या आणि दुसरं घर बघा. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम १२ खाली फक्त थोरल्यांचा हिस्सा मागणारा दावा लावता येतो, पण शिक्षिकेच्या पगारावर तो लावू नये.

बाकीचं थोडक्यात. कार्डावर 'सत्ता प्रकार' नावाचा रकाना आहे. तिथं 'ब' असेल तर थांबा. कोल्हापुरात या 'ब सत्ताप्रकार' मिळकतींच्या हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची भानगड असते. महापालिकेच्या नगररचना विभागातून पूररेषेचा अभिप्राय घ्या. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली तेव्हा नागाळा पार्काच्या काही भागात पाणी होतं. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. निळ्याच्या आत नवं बांधकाम होत नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर होतं. कागद यायला वेळ लागेल, तोवर शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर पुराची मळकट रेघ आहे का ते बघून या. घरफाळा थकीत नसल्याची पावती मागा. शेजारच्या प्लॉटवर अपार्टमेंट उठणार नाही अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. शांतता खरेदीपत्रात लिहून मिळत नाही.

खरेदी एकट्या तुमच्या नावे केलीत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, या व्यवहारात १ लाख ८० हजारांच्या घरात. मिस्टरांचं नाव जोडलं की ती गेली. १ टक्का टीडीएस तुम्हीच कापायचा, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या मर्यादेसाठी प्रत्येकाचा हिस्सा न धरता एकूण किंमत धरतात, त्यामुळे ३० लाख घेणाऱ्या वहिनी आणि मुलगाही त्यात येतात. मुलाचं पॅन काढायला सांगा.

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे तिच्या वकिलानं हक्क तपासला, असं धरू नका. तो बँकेसाठी बघतो, आणि तत्त्वतः मंजुरीच्या वेळी बहुधा त्यानं कार्ड पाहिलेलंही नसतं. तुमच्यासाठी ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल वेगळा काढा. आणि दलाल आत्ताच निम्मी दलाली मागतोय म्हणालात, त्याला सांगा, खरेदीपत्राची सूची दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात पडल्यावर.