बायपोलरचा रुग्ण दोन वर्षं ठीक असेल तर गोळ्या बंद करता येतात का?

तुमच्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उन्मादात फार उसळतं, कधी उदासीत खचतं. तो दोन वर्षं ठीक आहे, घरचे गोळ्या बंद करा म्हणतात, आणि आजार उसळला की त्याला आवाज ऐकू येतात म्हणजे हा स्किझोफ्रेनियाच का, असं तुम्ही विचारलंय. घरच्यांनी ठरवून बंद करू नका. आणि आवाज ऐकू आले एवढ्यावरून स्किझोफ्रेनिया ठरत नाही. "दोन वर्षं झाली, आता कायच्या गोळ्या" हे वाक्य आमच्या घरात बोललं गेलंय आणि त्यापायी आमची दीड एकर जमीन गेली, म्हणून लिहायला बसले.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मी अंगणवाडी सेविका. 2012 च्या एप्रिलमध्ये माझ्या यजमानांची झोप उडाली. कर्जाची काळजी असेल असं वाटलं. पण काळजीनं माणूस खंगतो, हे तर फुलून आले होते. पहाटे तीनला उठून धुरे साफ करायचे, दिवसभर बोलायचे, एक गोष्ट संपायच्या आत दुसरी. आठव्या-नवव्या दिवशी म्हणाले, "मले जमिनीखालचं पाणी आयकू येते." अनवाणी पायांनी लोकांची शेतं फिरू लागले. भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, शेतात नाल्याकाठी टाच रोवून म्हणाले, "अठी मारा." भासऱ्यांनी बोअरची गाडी बोलावली आणि 180 फुटांवर पाणी लागलं.

त्या दिवसापासून गावात माझं कोणी ऐकेना. नारळ फुटले. बाया लेकरं घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. माणूस अकरा रात्री झोपला नाही, जेवत नाही, तळपायाला फोड आलेत, हे फक्त मला आणि सासूबाईंना दिसत होतं. आमच्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते त्याच्या भेगांत, आणि नाल्याकाठी ते सापडायची शक्यता मुळातच जास्त. तिथं कुणीही टाच रोवली असती. हे मी तेव्हाही म्हटलं होतं. आजही म्हणते.

शेवटी माझ्या भावानं गाडी करून त्यांना शहरात नेलं. पहिल्या डॉक्टरांनी आवाज ऐकू येतात एवढं ऐकलं आणि चिठ्ठीवर स्किझोफ्रेनिया लिहिलं. सात-आठ महिने हे भिंतीकडे बघत बसून होते. मग यवतमाळला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, "याच्या आधी माणूस कसा होता? कधी महिनोन्‌महिने गप्प पडून होता का?" होते. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दोन महिने खाटेवरून उठले नव्हते, आम्ही कावीळ समजलो होतो. त्या एका प्रश्नानं निदान बदललं, बायपोलर ठरलं. ज्यांना पूर्ण उन्माद येतो त्या बायपोलर रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांना आयुष्यात कधी ना कधी भास-भ्रम होतात. ते मनःस्थितीबरोबर येतात आणि तिच्याबरोबर ओसरतात. मन स्थिर असतानाही आवाज टिकून राहिले तर वेगळा विचार करावा लागतो. म्हणून भावाच्या डॉक्टरांना आवाजांबद्दल सांगाल तेव्हा मधले चांगले महिनेही सांगा.

2013 पासून लिथियम, म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणारी गोळी, सुरू झालं आणि माझा माणूस परत आला. वखर हाकणारा, कमी बोलणारा, मुलीच्या वहीवर कव्हर घालून देणारा. 2014 च्या दिवाळीत भासरे सासूबाईंना म्हणाले, "माय, त्याच्यात देव होता, इच्या गोळ्यांनं पळवला." यजमानांनाही गोळ्या नकोच होत्या. हात थरथरायचे, तहान तहान व्हायची. दोन वर्षं होत आलीच होती. एका दिवसात बंद केल्या.

संक्रांतीच्या आत झोप गेली. या वेळी गावाला आधीचं पाणी आठवत होतं. तिघांनी यांच्या शब्दावर बोअर मारले, आणि यांनी प्रत्येकाला वचन दिलं, पाणी नाही लागलं तर पैसे माझे. तिन्ही कोरडे. तिघेही पैसे मागायला आले. ज्यांनी पायांवर डोकं ठेवलं होतं त्यांनीच तगादा लावला, आणि दीड एकर विकून आम्ही ते फेडले. भासऱ्यांच्या हरभऱ्याला मात्र त्या पहिल्या बोअरचं पाणी आजही जातं, म्हणून त्यांच्यापुरता देव खरा ठरला आहे.

संशोधन काय सांगतं असंही तुम्ही विचारलंय. माझी मुलगी नागपूरला फार्मसी शिकते, ती वाचून मला समजावून देते. 2010 साली लिथियम आणि व्हॅल्प्रोएट हे त्याच कामाचं दुसरं औषध यांची तुलना करणारी 330 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांपर्यंत पाहिलं तेव्हा नव्या झटक्यासाठी उपचार लागले असे लोक लिथियमवर 59 टक्के, व्हॅल्प्रोएटवर 69 टक्के आणि दोन्ही मिळून घेणाऱ्यांत 54 टक्के होते. म्हणजे गोळी घेऊनही निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा त्रास झाला. हे वाचून भासरे म्हणतील, बघा, उपयोग नाही. मी उलटं वाचते. औषध असताना आजार इतका जोर करतो, तर ते काढल्यावर काय करील? आणि लिथियम एकदम तोडलं की पुढच्या थोड्याच महिन्यांत उन्माद उसळण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडे दिवाळी ते संक्रांत.

लिथियमची गोष्टच अशी सुरू झाली आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी 1949 साली उन्मादाच्या 10 रुग्णांवरचा अनुभव छापला. त्यांचा पहिला रुग्ण पाच वर्षं उन्मादात होता. औषधानं तो काही महिन्यांत घरी गेला, कामाला लागला, मग त्यानं औषध सोडलं आणि सहा महिन्यांत परत दवाखान्यात आला. पुढे 1950 साली तोच माणूस लिथियमच्या विषबाधेनं गेला. मुलीनं हे वाचून दाखवलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ती दुसरी गोष्टही आमच्या घरात घडता घडता राहिली आहे.

मे 2018, नवतपा. लग्नाहून आल्यावर यांना उलट्या-जुलाब सुरू झाले, गुडघाही सुजला होता. गावातल्या डॉक्टरनं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. लिथियम चालू आहे हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली, हात जोरात उडू लागले. लोक म्हणाले दारू प्याले. रक्तातलं लिथियम 2 च्या वर निघालं. साधारण 0.6 ते 1 मध्ये ठेवतात, दीडच्या पुढे धोका. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, आणि अशी दुखण्याची औषधं त्यात भर घालतात. आपल्या भागात 45 अंशात कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या माणसाला हे कोणी तरी पहिल्या दिवशीच सांगायला हवं. आम्हाला ते पाच वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सलाइनवर सहा दिवस काढले. तेव्हापासून मी वही ठेवते. तारीख, आकडा, झोपेचे तास. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला गोळी न घेता रक्त, म्हणजे बारा तासांचा आकडा खरा येतो. थायरॉइड आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, तेही त्याच वहीत. उलट्या-जुलाब लागले की मी आधी डॉक्टरांना फोन करते, आजची गोळी द्यायची का म्हणून.

तेव्हा भासऱ्यांचं एवढं खरं की ही गोळी जीव घेऊ शकते. पण त्यावर इलाज मोजमाप आहे, आणि ते त्यांनी एकदाही विचारलं नाही.

2021 मध्ये हे पुन्हा सव्वा महिना खाटेवर होते, म्हणजे पूर्ण बरे झाले असं मी म्हणत नाही. आयुष्यभर घ्यावं लागेल का, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं. एकच झटका आलेल्याचं वेगळं, मूत्रपिंड बिघडू लागलेल्याचं वेगळं. काहींचं औषध डॉक्टर बदलतात, काहींचं हळूहळू उतरवतात. लिथियम सगळ्यांना लागू पडतही नाही. मात्र आपल्याकडे खरी अडचण आधीची आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, 12 राज्यांत, बायपोलरच्या दहापैकी सात जणांना उपचारच मिळत नव्हते. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण माझ्या अंगणवाडीच्या गल्लीत मला असे दोघं माहीत आहेत, आणि दोघांच्याही अंगात येतं असं घरचे सांगतात. त्यांना मी 14416 नंबर लिहून दिला आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुमचा भाऊ लिथियमवर असेल तर त्याचं शेवटचं रक्त कधी तपासलं, ते आज घरी विचारा. उन्हाळा लागायच्या आत एकदा तपासून घ्या.