करार संपला तरी भाडेकरू घर सोडत नाही, वीज-पाणी तोडू का?

वीज-पाणी तोडू नका, आणि तो बाहेर गेल्यावर कुलूपही बदलू नका. करार संपून दोन महिने झाले, तो फोन उचलत नाही, तुमचा राग मला समजतो. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या फ्लॅटबाबत मीही यातूनच गेलो आहे. "मेन स्विच काढा, आठवड्यात जाईल," असं मलाही सगळे सांगत होते. त्या घरात दहावीची मुलगी होती. माझा हात धजला नाही, आणि वकिलांनीही स्पष्ट नको म्हणून सांगितलं.

राहण्याचा हक्क संपला असला तरी घरात स्थिरपणे राहणाऱ्याला मालकाने कायद्याच्या मार्गानेच काढायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. तुम्ही परस्पर बाहेर काढलंत तर तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दावा लावू शकतो. मग न्याय्य बाजू असूनही प्रतिवादी तुम्ही.

आता मुख्य गोष्ट. तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी केलेला आहे की नुसता नोटरीचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच आधी धरलं जातं. ते खोडून काढायचं काम तुमचं.

नोंदणी असेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारात ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट भरपाईही मागता येते. हे दुप्पटीचं कलम भाडेकरूंना सहसा माहीत नसतं. मी अर्जाआधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, तीत ते हिशेबासकट लिहिलं, आणि मुलीची परीक्षा संपेपर्यंतची तारीख दिली. परीक्षा संपल्यावर त्यांनी चावी आणून दिली.

तुम्हीही आधी तशी नोटीस पाठवा. पोचपावती जपून ठेवा, अर्जाला जोडायला लागेल.