घसा दुखत होता, पण प्रॅक्टिकल जवळ आलं होतं

मावशी, नमस्कार.

मी एका कॉलेजात शिकवते, नोकरीचं दुसरंच वर्ष. गेल्या महिन्यात वर्गात तिघंचौघं खोकत बसली होती. मी चिडले आणि बोलून गेले, "एवढी मोठी साथ बघूनही तुम्हाला अक्कल आली नाही का?" मागच्या बाकावरून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही तेव्हा सगळं पाळलं होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

खरं सांगते. करोनाच्या काळात मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. मास्क कसा लावायचा याचं होस्टेलमधलं पोस्टर मीच रंगवलं होतं. कॉलेज पुन्हा उघडलं, त्यानंतर एका मैत्रिणीचा वाढदिवस झाला. बंद खोलीत अकरा जणी. फोटोसाठी मास्क काढले ते काढलेच. चौथ्या दिवशी माझा घसा दुखायला लागला. प्रॅक्टिकल पाच दिवसांवर होतं. तपासणी केली असती तर विलगीकरणात जावं लागलं असतं आणि वर्ष गेलं असतं. धुळीमुळे असेल असं स्वतःला समजावत चार दिवस गप्प राहिले. माझ्या रूममेटला दमा होता. ती आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती, ऑक्सिजनवर. वाचली, पण तिची परीक्षा हुकली आणि परत आल्यावर ती दुसऱ्या खोलीत राहायला गेली. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

सगळं माहीत असून मी असं का वागले? मुलांना काय सांगू? आणि तिला फोन करू का?

पोस्टरवाली

*

पोस्टरवाली,

तुझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर सगळ्यांत लांब आहे आणि तुला त्याचा उपयोग सगळ्यांत कमी. तरी सुरुवात तिथूनच करते, कारण ते कळलं नाही तर तू वर्गावर पुन्हा अशीच चिडशील.

"माहीत असून का वागले" असं तू विचारतेस, जणू माणसाला माहिती दिली की तो आपोआप शहाण्यासारखा वागतो. तसं असतं तर डॉक्टरांनी सिगारेटी ओढल्या नसत्या. १९६५ साली मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो तू वर्गात जरूर सांग. येल विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्यांनी धनुर्वाताबद्दलची पत्रकं वाचायला दिली. काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा येईल अशी. भयंकर पत्रक वाचलेली मुलं जास्त घाबरली आणि लस घ्यायलाच हवी असं जास्त ठामपणे म्हणाली. लस विद्यापीठाच्याच दवाखान्यात मिळत होती. पण नुसतं पत्रक वाचलेल्यांपैकी प्रत्यक्षात गेले सुमारे ३ टक्के. काही मुलांना मात्र पत्रकासोबत आवाराचा नकाशा दिला होता, त्यात दवाखान्याभोवती गोल केलेला, लस मिळण्याच्या वेळा लिहिलेल्या, आणि आपलं वेळापत्रक बघून कधी जायचं ते ठरवा एवढी सूचना. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दवाखाना कुठे आहे हे काय ठाऊक नव्हतं? तरीही तो गोल कामी आला.

तुझं पोस्टर चांगलंच असणार. पण मास्क कसा लावायचा हे त्यात होतं. वाढदिवसाच्या खोलीत, अकरा जणी हसत असताना, पहिला फोटो झाल्यावर तो परत कुणी आणि कसा चढवायचा, हे त्यात नव्हतं. अवघड तर तेवढंच होतं.

आता त्या खोलीबद्दल. अकरापैकी किती जणींना मनातून धाकधूक वाटली असेल? माझा अंदाज, निम्म्यांना तरी. प्रत्येकीने बाकीच्या दहा जणींकडे पाहिलं, त्या निवांत दिसल्या, म्हणून आपणही निवांत असल्यासारखं दाखवलं. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांमध्ये दारू पिण्याबद्दल नेमकं हेच टिपलं, १९९३ मध्ये. मुलांना स्वतःला तिथल्या पिण्याबद्दल जेवढी अस्वस्थता वाटत होती, तेवढी इतरांना वाटत नाही असं मुलं एकूणात धरून चालली होती. एकाने तोंड उघडलं असतं तर बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. पण विशीत मैत्रिणींमध्ये "रडकी" ठरण्याचा धोका विषाणूपेक्षा जवळचा वाटतो. त्यात मला काही विशेष निंद्य दिसत नाही. त्या वयात माणसं जोडणं हेच मोठं काम असतं, आणि साथीने नेमकं तेच बंद केलं होतं.

शिवाय ओळखीच्या चेहऱ्यातून आजार येईल असं मनाला पटतच नाही. लॅबमध्ये कोट असतो, पाट्या असतात, प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती डोळ्यांना दिसतात, तिथे हात आपसूक जपून चालतात. मैत्रिणीच्या खोलीत यातलं काहीच नसतं. करोनाचा माणूस लक्षणं दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून संसर्ग देऊ शकतो हे तू परीक्षेत लिहिलंही असशील, पण खोलीत "कुणीच आजारी दिसत नाही" हाच पुरावा पुरला. मी तरी काय वेगळी? त्या दिवसांत मी दाराच्या कड्या दिवसातून दोनदा पुसायचे आणि शेजारीण आली की मास्क हनुवटीवर ओढून तासभर गप्पा मारायचे.

आणि "मला काही होणार नाही" हा विद्यार्थ्यांचा विचार. नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये अडीचशेहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तुमच्या वाट्याला अमुक गोष्टी येण्याची शक्यता किती. वाईट गोष्टी इतरांच्या वाट्याला जास्त येतील, चांगल्या आपल्या, असाच एकूण कल निघाला. करोनात या भाबडेपणाला खरी आकडेवारीही येऊन मिळाली: मृत्यूचं प्रमाण म्हाताऱ्यांत कितीतरी जास्त होतं, तरुणांत कमी. (सगळ्या साथी अशा नसतात. १९१८ च्या फ्लूने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने नेली.) त्यामुळे तरुण मुलाच्या दृष्टीने हिशेब असा झाला की त्रास माझा आणि फायदा दुसऱ्या कुणाचा. तो दुसरा कुणी डोळ्यांसमोर असेल तर मुलं खूप करतात. आजी घरात असलेली मुलं किती जपून वागत होती ते आपण पाहिलं आहे. तुझी मात्र गंमत बघ, तो "दुसरा कुणी" तुझ्यापासून चार पावलांवर झोपत होता, आणि वाढदिवसाच्या खोलीत तो नव्हता.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूची आहे. पुढचे चार दिवस मात्र वेगळे मोजू.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडं होतं. क्षयरोग लवकर कळावा म्हणून छातीचा एक्स-रे फुकट काढून देणाऱ्या गाड्या अगदी वस्तीत नेल्या, तरी माणसं फारशी येईनात. त्या शोधातून गॉडफ्री हॉकबॉम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी जो विचार मांडला त्याला आरोग्य-श्रद्धा प्रारूप म्हणतात. नाव जड आहे, आशय बाजारातल्या तराजूइतका सोपा: मला हे होऊ शकतं का, झालं तर किती वाईट, काही केल्याने फरक पडेल का, आणि ते करायला मला काय मोजावं लागेल. कोविडकाळात विद्यार्थ्यांवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांनीही हाच तराजू वापरला.

तुझ्या तराजूत शेवटचं पारडं एका प्रॅक्टिकलने खाली गेलं. खरं सांगणाऱ्याचं वर्ष जाईल आणि लपवणारा पास होईल, असा नियम ज्यांनी केला त्यांनी तुझ्यासारख्या कितीतरी जणींना धूळ आणि घसा यांचं नातं शिकवलं. पुन्हा परीक्षेची एक तारीख आधीच जाहीर केली असती तर तू दुसऱ्याच सकाळी तपासणीला गेली असतीस, असं मला मनापासून वाटतं. यात व्यवस्थेचा दोष मोठा आहे आणि तो मी लहान करणार नाही.

पण पोस्टरवाली, तपासणी न करताही रूममेटला एक वाक्य सांगता आलं असतं. "माझा घसा दुखतोय, तू काही दिवस दुसरीकडे झोप." त्यासाठी विलगीकरण लागत नव्हतं, प्रॅक्टिकल बुडत नव्हतं. खिडकी उघडता आली असती, खोलीतही मास्क लावता आला असता. तू ते केलं नाहीस, कारण तिला सांगितलं असतं तर ते स्वतःलाही सांगावं लागलं असतं. वाढदिवसाचा फोटो सगळ्यांचा होता, हे चार दिवस तुझे एकटीचे आहेत. तुझी झोप वाढदिवसामुळे उडालेली नाही, हे तुलाही माहीत आहे. पत्रात तू पोस्टर, मास्क, फोटो यांबद्दल आधी लिहिलंस आणि घशाबद्दल नंतर, तेव्हाच मला ते कळलं.

आता मुलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला उत्तर द्यायचं बाकी आहे, ते वर्गातच दे, कारण प्रश्न वर्गात आला होता. "नाही, पाळलं नव्हतं" इथून सुरू कर आणि घशाचे चार दिवस सांग. रूममेट ओळखू येईल असं काही सांगू नकोस, ती गोष्ट तिचीही आहे. शरमेचं प्रदर्शन नको, दोन मिनिटांत आटप. मग मुलांना एकच प्रश्न विचार आणि कागदावर लिहायला लाव: परीक्षेच्या आठवड्यात ताप आला तर तुम्ही पहिल्या तासाभरात नेमकं काय कराल, कुणाला कळवाल, कुठे झोपाल? ही तुझी नकाशा-आणि-गोल पद्धत. उत्तरं वाचून तुला कळेल की मुलं अक्कल नसल्यामुळे खोकत वर्गात येत नाहीत, हजेरी आणि सबमिशन यांच्यामुळे येतात.

तेवढंच कळून थांबू नकोस. आजारी मुलाचं प्रॅक्टिकल दुसऱ्या तारखेला घेता येईल का, हे विभागप्रमुखांना सत्र सुरू असतानाच विचार, परीक्षा तोंडावर आल्यावर नको. ते नाही म्हणाले तर तुझ्या हातातल्या सबमिशनची मुदत तरी सैल कर, आणि ते वर्गाला आधी सांग, आजारी पडल्यावर नव्हे. तास सुरू होण्याआधी खिडक्या उघड. टेबलाच्या खणात मास्कचं पाकीट ठेव आणि सर्दी झालेल्या दिवशी स्वतः लावून जा, एक शब्द न बोलता. अकरा जणींच्या त्या खोलीत पहिल्यांदा मास्क चढवणारी कुणी नव्हती. तुझ्या वर्गात ती तू हो. आणि अक्कल काढणं बंद. विशीतल्या मुलांना धाक दाखवला की बरीचशी उलट करतात, आणि जी उलट करत नाहीत ती लपवायला शिकतात. तुला त्याचा अनुभव आहे.

राहिला फोन. करू नकोस. फोन वाजला की तिला त्याच क्षणी तुझ्याशी कसं वागायचं ते ठरवावं लागेल, आणि बहुधा ती "अगं जाऊ दे" म्हणेल, कारण फोनवर सगळे तेच म्हणतात. तिला पत्र लिही. ते ती हवं तेव्हा वाचेल, नको असेल तर वाचणारही नाही, आणि उत्तर देणं तिच्यावर नसेल.

त्या पत्रात वरचा लेव्हेंथल आणू नकोस, प्रिन्स्टन आणू नकोस, परीक्षेचा नियमही आणू नकोस. तिला लागण कदाचित तुझ्याकडून झालीही नसेल. त्या दिवसांत होस्टेलचा जिना, बाथरूम, मेस सगळीकडून होऊ शकत होती. हे खरं असलं तरी तुझ्या पत्रात ते नको. तिला वाटलं तर ती स्वतः म्हणेल. क्षमा कर असंही लिहू नकोस, ती मागितली की तिच्यावर पुन्हा एक काम पडतं. तुझं वय, तुझी भीती, तुझी रडलेली रात्र, सगळं गाळ. गाळल्यावर पाचसहा ओळी उरतील, तेवढ्या पुरेत.

पहिली ओळ मी सांगते, बाकीची तुझी तू लिही. वाढदिवसापासून सुरू करू नकोस. वार आठवत असेल तर वार लिही: "त्या सोमवारी सकाळी माझा घसा दुखायला लागला होता, आणि मी तुला चार दिवस सांगितलं नाही."

तुझी,
मावशी