ग्रामपंचायतीपर्यंत फायबर येऊन पाच-सहा वर्षं झाली, मग घरात कनेक्शन का मिळत नाही? खाली काम करणारी माणसंच चुकार असतात का?

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. मी सात वर्षं हेच काम केलंय, फायबर जोडायचं, म्हणजे स्प्लायसिंग. ज्यांना तुम्ही खाली काम करणारी माणसं म्हणताय त्यातलाच मी एक.

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ही योजना मुळात घरापर्यंत नव्हतीच. 2011 च्या ऑक्टोबरला मंजुरी मिळाली तेव्हा नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क, आणि ठरलं होतं की अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या. 2015 ला त्याचं भारतनेट झालं, आणि पहिल्या एक लाख पंचायती पुऱ्या व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. पंचायतीत डबा, म्हणजे फायबरमधला सिग्नल घेणारं यंत्र, बसला की काम झालं असा हिशोब. तिथून पुढे वाड्या-वस्त्यांवर कोणी न्यायचं, लाईन बिघडली तर कोणी यायचं, हे कोणाच्याच गळ्यात नीट बांधलं नव्हतं. खोदायचे पैसे मिळत होते, टिकवायचे मिळत नव्हते. माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे, बाकीची कारणं नंतरची.

आता चुकारपणाचं. जुलै महिना होता, आमच्या पट्ट्यात रस्ता रुंदीकरण चालू होतं आणि रात्री सुपरवायझरचा फोन आला की कट लागलाय, आठ पंचायती बंद आहेत. एका कटात आठ कशा, तर तेव्हा लाईन तालुक्याच्या एक्स्चेंजपासून सरळ पुढे पुढे जायची, एका दोरीला मणी ओवावेत तशी, मधे तुटली की पुढचं सगळं बंद. ओटीडीआर, म्हणजे केबल किती अंतरावर तुटलीय ते दाखवणारं मशीन, लावला तर 3.4 किलोमीटरवर कट दाखवत होता, एका मोरीजवळ. पहाटे चारला मी आणि एक हेल्पर तिथे पोचलो, वरून पाऊस, ताडपत्रीची दोन टोकं बाभळीला बांधली आणि दोन गाडीला. जेसीबीने केबल नुसती तोडली नव्हती, ओढून ताणली होती, त्यामुळे दोन्ही टोकं एकमेकांना पुरत नव्हती, मधे तुकडा टाकावा लागला. म्हणजे दोन जॉइंट. 24 कोरची केबल, म्हणजे आत काचेचे 24 धागे, दोन जॉइंटचे मिळून 48 स्प्लाईस. एकेक काच 125 मायक्रॉनची, केसाएवढी. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे रंग बॅटरीच्या उजेडात ओळखायचे, सोलायची, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरने कापायची, मशीनमध्ये ठेवायची, स्लीव्ह चढवायची. ओला हात लागला की परत पहिल्यापासून. मशीनवर 0.02, 0.03 लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा लाईट, आला तर ठीक, 0.08 आला तर मी तोडून परत करायचो. हेल्पर म्हणायचा की चालतंय की, कोण बघणारे. पण पुढे जाऊन कुठल्यातरी वस्तीवर हीच काच 32 घरांत वाटली जाणार, प्रत्येक स्प्लिटर, म्हणजे एका काचेतला लाईट अनेक घरांत वाटणारा भाग, लाईट खातो, आणि घरातल्या डब्याला पोचणारी पॉवर -27 डीबीएमच्या खाली गेली की तो सिग्नल धरतच नाही, मग तिथला माणूस म्हणणार नेट बोगस आहे. दुपारी दीडला आठही पंचायती चालू केल्या.

निघायच्या आधी मी त्या खड्ड्यात टेप टाकून मोजलं. केबल 165 सेंटीमीटर खोल पाहिजे होती, ती होती 40 वर. खोदाईचं काम ज्याच्याकडे होतं त्याने मीटरवर बिल काढलं आणि खोली बघायला कोणी फिरकलं नाही. अकरा दिवसांनी तोच जेसीबी, दोनशे मीटर पुढे, परत कट. परत गेलो, परत जोडली. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मला फोनच आला नाही कारण दुरुस्तीचा करार संपला होता, आणि त्या पंचायतींतल्या डब्यावर लाल लाईट लागली ती लागलीच.

त्याच दिवाळीत माझा चुलतभाऊ, शहरात चांगल्या कंपनीत आहे, सगळ्यांसमोर मला म्हणाला की तुम्ही लोकांनीच योजनेचं वाटोळं केलं, पैसे खाल्ले आणि काम केलं नाही. तेव्हा वडील समोर बसले होते म्हणून मी गप्प बसलो. दादा, मला त्या जॉइंटचे पैसे चार महिन्यांनी मिळाले. वाटोळं केलं ते उथळ खोदणाऱ्याने, न बघता सही करणाऱ्याने आणि न विचारता रस्ता उकरणाऱ्याने.

तुम्हाला खरंच कनेक्शन हवं असेल तर पंचायतीत जाऊन 'फायबर कधी येणार' असं विचारू नका, त्याला काहीही उत्तर देता येतं. डब्यावरची लाईट लाल आहे का हिरवी ते स्वतः बघा. लाल असेल तर कट कधीपासून आहे आणि तक्रार कोणाकडे नोंदवली ते लेखी मागा. हिरवी असेल तर गावापर्यंत लाईन चालू आहे, पुढे घरोघर न्यायला स्थानिक उद्यमी नेमलाय का ते विचारा, नसेल तर तुमच्याकडचा केबलवाला हे काम घेऊ शकतो. वीस-पंचवीस घरांनी मिळून मागणी केली तर लवकर होतं, एकट्यासाठी पोल टाकायला कोणी येत नाही. आणि गावात रस्त्याचं किंवा पाइपलाइनचं काम निघालं तर ग्रामसभेत उभं राहून विचारा की केबल कुठून जाते याची चौकशी केली का. त्यासाठी 2023 च्या मार्चपासून 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी ॲप आहे, पण जेसीबीवाल्याला ते सांगणार कोण, तुम्हालाच सांगावं लागेल.

हेही सांगायला पाहिजे की मी एका तालुक्याचं बोलतोय. डोंगरात आणि जंगलाच्या पट्ट्यात खोदायची परवानगीच वर्षानुवर्षं अडकते, तिथलं कारण वेगळं. आणि आमच्या धंद्यातही टेप गुंडाळून जॉइंट झाला म्हणणारे आहेत, नाही असं नाही. 2023 च्या ऑगस्टला सुधारित भारतनेट मंजूर झालं, 1 लाख 39 हजार 579 कोटींचं, त्यात लाईन रिंगमध्ये करायची आहे म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालेल, आणि 10 वर्षं देखभालीचे पैसे धरलेत. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं, पण निदान आता केलं.

त्या मोरीच्या डाव्या अंगाला माझे दोन क्लोजर, म्हणजे जॉइंट झाकणारी कव्हरं, अजून आहेत, आतल्या ट्रेवर मार्करने तारीख टाकलीय. दादाला किंवा कोणालाही ओटीडीआर लावून बघायचं असेल तर मी सोबत येतो.