धरण जुलैमध्येच अर्धं रिकामं ठेवलं तर पूर टळेल ना?

नाही. हाच प्रश्न माझा मेहुणा वर्षानुवर्षं विचारतोय, म्हणून लिहायला बसलो. त्याचं रान नदीकाठी, आणि माझी नोकरी कृष्णा खोऱ्यातल्या एका धरणावर झाली. पूर आला की "आधीच का सोडलं नाहीत?" आणि धरण भरलं नाही की "पावसाळ्यात कशाला सोडून दिलंत?"

आधी हिशेब बघा. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, लाख क्युसेकवर (सेकंदाला लाख घनफूट) गेला की चोवीस तासांत साडेआठ टीएमसीहून (अब्ज घनफूट) जास्त पाणी येतं. १०५.२५ टीएमसीच्या कोयनेत २० टीएमसी जागा राखली तरी अशा येव्याला ती सव्वादोन दिवस पुरते. शिवाय वक्र दरवाजांतून सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या, माथ्यावरचंच पाणी सुटतं. त्याखालचं पायथा वीजगृहातून सोडायचं, तर कोयनेत तिथून जातं २१०० क्युसेक, म्हणजे दिवसाला पाव टीएमसीसुद्धा नाही. कोकणात पोफळीच्या वीजगृहाकडे वळवलेल्या पाण्यावर वीज भरपूर होते, पण ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं, सिंचनाला परत मिळत नाही. त्यावर कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहेच.

मेहुण्याने ज्या पुरावरून चारचौघांत मला "तुम्हीच बुडवलंत" म्हटलं, त्या रात्री मी धरणावरच होतो. दर तासाला पातळी वाचायची, रजिस्टरात येवा आणि विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी) शेजारी शेजारी लिहायचे. भोंगा वाजवून सगळे दरवाजे सारखे, थोडेथोडे उचलत होतो. रात्रभर येव्याचा आकडा विसर्गापेक्षा मोठाच होता. म्हणजे धरण नसतं तर त्याच्या रानात त्याहून जास्त पाणी गेलं असतं. पहाटे त्याचा फोन आला, "गोठ्यात पाणी शिरलंय, दरवाजे पाडा, बंद करा." मी म्हटलं, दावी काप आणि जनावरं वर ने, दरवाजे पाडणार नाही. तेव्हा पाडले असते तर धरण काठोकाठ भरून चार तासांनी सगळा येवा जसाच्या तसा खाली सोडावा लागला असता. त्याच्या लक्षात एवढंच राहिलं की मी नाही म्हणालो.

बोटिंगवाल्यांची मागणी वेगळीच, मे महिन्यात पातळी धरून ठेवा, जेट्टी कोरडी पडते. माझं मत स्पष्ट आहे. आधी पिण्याचं पाणी, मग उन्हाळी आवर्तन. त्यांनी तरंगती जेट्टी बांधावी.

मात्र धरणवाले कधीच चुकत नाहीत असं मी म्हणत नाही. परिचालन सूचीत (कधी किती साठा ठेवायचा त्याच्या वेळापत्रकात) ऑगस्टसाठी दिलेल्या पातळीच्या वर साठा धरून बसायचं आणि मग एकदम सोडायचं, हे जिथे घडेल तिथे जाब विचारलाच पाहिजे. फक्त विचारताना येवा आणि विसर्ग दोन्हींचे तासातासाचे आकडे मागा, आणि धरणाच्या खालच्या पाणलोटात किती पाऊस झाला तेही. तो पाऊस कुठल्याच दरवाजाने अडत नाही.