निवडून आलेल्या पक्षाने सरकारी पदांवर आपली माणसं नेमली तर त्यात चूक काय?

महामंडळं, सरकारी कंपन्या, आयोग यांवर सत्ताधारी पक्ष आपली माणसं बसवतो त्यात चूक काय, आणि कुठल्या लोकशाहीने हे पूर्ण बंद केलंय का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: कुणीही नाही. पहिल्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं वर्षानुवर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

हा चुलतभाऊ, म्हणजे दादा, एका पक्षाचा जुना कार्यकर्ता. त्याचं म्हणणं, ‘निवडून आम्ही यायचं आणि खुर्च्यांवर विरोधकांची माणसं ठेवायची? मग कामं कशी होणार?’ अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनीही जवळपास हेच सांगितलं होतं: पदं फिरती असावीत, सरकारी काम कुठल्याही शहाण्या माणसाला जमतं. पुढे १८८१ मध्ये, प्रचार केला म्हणून पॅरिसमधलं वाणिज्य दूताचं पद आपलंच असं धरून चाललेल्या गितो नावाच्या माणसाने अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळ्या घातल्या. मग १८८३ मध्ये पदं परीक्षेने, गुणवत्तेवर भरायला सांगणारा पेंडलटन कायदा आला, तोही सुरुवातीला जेमतेम दहा टक्के केंद्रीय पदांना लागू होता. आजही नवा अध्यक्ष आला की चारेक हजार पदं त्याच्या मर्जीने भरली जातात.

मी एका सार्वजनिक उपक्रमात आस्थापना शाखेत होतो. नाव सांगत नाही. तांत्रिक विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली. जुन्या नियमात अभियांत्रिकीची पदवी आणि प्रत्यक्ष प्रकल्पावरचा अनुभव हवा होता. एक दिवस वरून सुधारित मसुदा आला: ‘कोणत्याही शाखेची पदवी व सामाजिक क्षेत्रातील व्यवस्थापनाचा अनुभव’. एका गृहस्थांचा बायोडाटा समोर ठेवूनच तो लिहिला होता. ते गृहस्थ कोण हे शिपायालाही ठाऊक होतं. मी फाइलवर टिपणी लिहिली, ‘अट बदलण्याचे कारण नमूद व्हावे.’ फाइल परत आली, वर फक्त ‘चर्चा झाली. प्रस्ताव मान्य.’ चर्चा कुणाशी झाली कोण जाणे, माझ्याशी तर नाही. महिना उलटायच्या आत माझी बदली अभिलेख कक्षात.

दादा इथे नेहमी म्हणतो, ‘तुला बदलीचा राग आहे.’ आहेच. पण पुढचं ऐका. सरकार बदललं, ते गृहस्थ गेले, मला बरं वाटलं. नव्या पक्षाने आपला माणूस आणला तो त्याच सैल अटीवर. जुनी अट परत आणा म्हणून विरोधात असताना जे ओरडत होते, त्यांनीच आता ‘पूर्वीपासून असंच आहे’ म्हणून तीच फाइल दाखवली. पहिला माणूस काही वर्षांत गेला, त्याच्यासाठी वाकवलेला नियम मात्र तिथेच राहिला. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि दादाला तो कधी ऐकायचाच नसतो.

याबाबतीत पक्षांचं आपसात छान जमतं. ऑस्ट्रियात १९४५ नंतर दोन मोठ्या पक्षांनी सरकारी उद्योगांपासून शाळांच्या मुख्याध्यापकपदांपर्यंत वाटणी करून घेतली. इटलीच्या सरकारी दूरदर्शनवर एक वाहिनी ख्रिश्चन डेमोक्रॅटांकडे, दुसरी समाजवाद्यांकडे, तिसरी कम्युनिस्टांकडे, असं बरीच वर्षं उघड चाललं.

मंत्र्याने आपला सल्लागार, आपला खाजगी सचिव जरूर नेमावा. तो मंत्र्यासोबत येतो, मंत्र्यासोबत जातो, त्याला कुणी तटस्थ समजत नाही. पण वीज, पाणी, बँक, लेखापरीक्षण इथे कार्यकर्त्यांची सोय लावू नये. अभ्यासक यात बक्षीस म्हणून नेमणूक आणि ताबा ठेवण्यासाठी नेमणूक असा फरक करतात. मला दुसरी जास्त घातक वाटते, कारण बक्षीसवाला निदान कामात फारसं लक्ष घालत नाही.

तुम्हाला खरंच शोध घ्यायचा असेल तर नेमलेल्या माणसाचा पक्ष नंतर बघा. आधी जाहिरातीतल्या अटी मागच्या वेळच्या अटींशी ताडून बघा आणि बदलाचं कारण लेखी मागा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सनदी अधिकाऱ्यांना तोंडी आदेशावर काम करू नका असं बजावलं, ते उगीच नाही.

हेही मान्य करतो की परीक्षेने भरलेला प्रत्येक जण कामाचा नसतो, आणि राजकीय नेमणुकीतून आलेली काही माणसं मी उत्तम काम करताना पाहिली आहेत. ब्रिटनमध्ये सनदी सेवेवरच्या १८५४ च्या अहवालापासून गुणवत्तेचा आग्रह आहे, तरी सार्वजनिक मंडळांवरच्या नेमणुकीत पात्र उमेदवारांमधून शेवटी निवड मंत्रीच करतो. तेवढं चालेल. आधी पात्र तर असू द्या.

दादाला मी एकदा विचारलं, पक्ष कार्यालयाचा हिशेब बघायला तुम्ही सनदी लेखापाल का ठेवलात, एखादा निष्ठावान कार्यकर्ता का नाही बसवला? तो म्हणाला, ‘तिथे पैसा आमचा असतो.’