‘क्लायमेट’चे नाते आश्रयाशी

‘क्लायमेट’ला मराठीत वातावरण म्हणावे की हवामान, आणि मूळ शब्द कोठून आला, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचे हवेचे आवरण. ‘कोकणचे वातावरण दमट आहे’ हे बातम्यांतून सर्रास कानी पडणारे वाक्य मला ऐकवत नाही. तेथे ‘हवामान’च हवे. उद्याच्या पावसालाही आपण हवामानच म्हणतो, ही अडचण खरी. परंतु तेवढ्यासाठी हिंदीतून ‘जलवायू’ उचलून आणण्याचा काही जाणकारांचा आग्रह निरर्थक आहे. तो शब्द फारसी ‘आबोहवा’चा संस्कृत अवतार असून, त्याच घडणीचे ‘हवापाणी’ मराठीत केव्हापासून नांदत आहे.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. ग्रीक ‘क्लिमा’ म्हणजे उतार, कल. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वीचा जो उतार होत जातो, त्यावरून ग्रीक भूगोलज्ञांनी अक्षांशांचे पट्टे पाडले आणि वर्षातील सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, यावरून ते ओळखले: अलेक्झांड्रियाचा १४ तासांचा, ऱ्होड्सचा साडेचौदा तासांचा. म्हणजे मुळात या शब्दात ना हवा होती ना पाणी. होता तो केवळ कोन, आणि हवेचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

तो योग्य जागी चिकटला, असे माझे ठाम मत आहे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, तर ऑस्लोमध्ये सातही अंश नसतो. त्यामुळे एक मीटर रुंदीचा किरणांचा झोत पुण्यात जमिनीवर १.३५ मीटर पसरतो, तर ऑस्लोत तोच साडेआठ मीटरांवर विरळ होतो, शिवाय त्याला हवेचा कितीतरी अधिक जाड थर कापत यावे लागते. अर्थात कोन म्हणजे सर्वस्व नव्हे. जुलैच्या अखेरीस पुण्यावर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, तरी मे महिन्यासारखा उन्हाळा होत नाही, कारण मध्ये मान्सूनचे ढग असतात.

‘क्लिमा’चा संबंध आपल्या ‘कलणे’शी जोडणारे भेटतात. ‘उन्हे कलली’ म्हणताना तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु केवळ ध्वनिसाम्यावर विसंबलेली ही व्युत्पत्ती टिकत नाही. येथील ग्रीक ‘क’च्या जागी संस्कृतात ‘श’ येतो, जसा शंभराच्या ‘हेकातोन’मधील ‘क’समोर ‘शत’मधील ‘श’. म्हणून ‘क्लिमा’च्या धातूचा सख्खा भाऊ ‘श्रि’ होय, ज्याचा अर्थ टेकणे आणि ज्यातून ‘आश्रय’ झाला. भिंतीला टेकणाऱ्या शिडीला ग्रीकात ‘क्लिमाक्स’ म्हणत. संस्कृतात ती ‘निःश्रेणी’, आणि तिचीच मराठी लेक ‘निसण’. एवढे जवळचे घराणे सोडून ‘कलणे’च्या मागे कशाला लागायचे?

स्थळाची ओळख सूर्याच्या कोनावरून करणे आपल्याकडेही जुनेच आहे. विषुवदिनी भर मध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, जेवढी सावली पडते, ती त्या गावाची ‘पलभा’. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे भरते. ऑस्लोत तीच वीस अंगुळांच्याही पुढे जाते.